चौकटींचा पडदा पाहून पडलेला प्रश्न

ऐरोलीच्या बारावीतल्या विद्यार्थिनीस,

आजीला टीबीसाठी इथॅम्बुटॉल सुरू आहे. या औषधाने डोळ्यांच्या नसेला इजा होऊ शकते, म्हणून तिची व्हीईपी तपासणी, म्हणजे पडद्यावर चौकटी दाखवून मेंदूत उमटणारी लहर मोजणं, करून घेतलीत. ते पाहून तुला ‘हेच शिकायचंय’ असं वाटतंय आणि बाबांचा आग्रह बी.फार्म.चा आहे. तुम्हा दोघांचे रस्ते वाटतात तितके वेगळे नाहीत.

काळ्या-पांढऱ्या चौकटी उलटल्या की साधारण १०० मिलिसेकंदांनी डोक्याच्या मागच्या भागात एक लहर उमटते. ती जेमतेम काही मायक्रोव्होल्टची, मेंदूच्या इतर विद्युत गोंगाटात बुडालेली. म्हणून चौकटी शंभरेक वेळा उलटवून सरासरी काढतात. गोंगाट विरतो, लहर उरते. लहर उशिरा आली किंवा खुजी झाली तर नसेला इजा होत असल्याची शंका घेतात, आणि कधीकधी हे रुग्णाला धूसर दिसू लागण्याआधीच कळतं. मात्र इजा औषधाने झाली की आणखी कशाने, हे लहर सांगत नाही. चष्म्याचा नंबर चुकीचा असला तरी ती बिघडते. खरं कौशल्य तिथे लागतं.

औषधांपुरताच हा विषय नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यात रसायनांचे कारखाने किती, तुला सांगायला नको. हेक्सेनसारख्या द्रावकाची वाफ दीर्घकाळ श्वासात गेली तर हातापायांच्या नसा झिजतात. अशा वेळी मनगटाच्या नसेला हलका झटका देतात आणि तो मेंदूपर्यंत किती वेळात पोचतो ते मोजतात. नवी रसायनं उंदरांवर तपासतानाही हेच तंत्र वापरता येतं.

आता तुझं. पदवीला ‘न्यूरोटॉक्सिकॉलॉजी’, म्हणजे मज्जासंस्थेला इजा करणाऱ्या विषांचं शास्त्र, शोधत बसू नकोस, आधी पाया रुंद कर. विषाचं काम आवडत असेल तर बाबांचं ऐक: बी.फार्म., मग नायपर या औषधनिर्माणशास्त्राच्या राष्ट्रीय संस्थेत फार्माकॉलॉजी-टॉक्सिकॉलॉजी (औषधं आणि विषं शरीरावर कशी काम करतात त्याचं शास्त्र). पुढे संशोधनासाठी लखनौची विषविज्ञान संस्था, अहमदाबादची व्यावसायिक आरोग्य संस्था आहेत. यंत्र आणि लहरी खुणावत असतील तर बायोमेडिकल इंजिनिअरिंग. रुग्णाजवळच बसायचं असेल तर बीएएसएलपी ही श्रवण आणि वाचा-भाषा शास्त्राची पदवी पाहा. बेरा ही कानाची तपासणी याच कुळातली, आणि वांद्र्याची अली यावर जंग ही वाचा-श्रवणाची राष्ट्रीय संस्था तुला लोकलच्या अंतरावर आहे. अशा तपासण्या करणाऱ्या तंत्रज्ञाची नोकरी लवकर मिळेल, पण सुरुवातीचा पगार बेताचाच. हे बाबांपासून लपवू नकोस.

तुझे गणित आणि जीवशास्त्र दोन्ही आहेत, तेव्हा सीईटीचा अर्ज पीसीएम आणि पीसीबी या दोन्ही गटांसाठी भर. बी.फार्म.ला कुठलाही चालतो, इंजिनिअरिंगला पीसीएमच लागतो.