पद्मिनीची लोखंडी चाकं रंगवताना: सांधा, बोल्टाची बैठक आणि दमट हवा

तुमचा प्रश्न असा: १९७८ ची प्रीमियर पद्मिनी, पाचही चाकांवर गेल्या वर्षी डब्यातला चंदेरी स्प्रे मारला, आणि पहिल्याच पावसाळ्यात त्यावर तपकिरी ओघळ उतरले. आता पेंटर म्हणतो, पावडर कोटिंग करून टाका, कायमची कटकट मिटेल. तशी मिटणार नाही.

ओघळ नेमके कुठून निघालेत ते बघा. टायर ज्यावर बसतो ती गोल रिम आणि बोल्टाची भोकं असलेली मधली बशी, हे दोन वेगळे तुकडे असतात. ते जिथे जोडलेत तिथे ब्लेडच्या पात्याएवढी फट राहते. पाणी त्या फटीत आपोआप ओढलं जातं आणि वाळत नाही. स्प्रेने फटीचं तोंड वरवर बुजतं, पण मागच्या बाजूने पाणी शिरतच राहतं. आत गंज फुगतो, रंग उचलला जातो आणि पहिला ओघळ तिथूनच येतो. पावडरचं तर अजून वाईट. कोरडी भुकटी विजेच्या भाराने चिकटते, आणि अरुंद खाचेत तो भार पोहोचत नाही. म्हणजे फटीवर जाड कातडं, आत उघडं लोखंड. सांधा नीट झाला नाही तर वरचा रंग कितीही महागडा असू दे, दोन पावसाळ्यांत तोच ओघळ परत दिसेल.

रंग खरवडण्याआधी एक काम उरकून घ्या. हबकॅपच्या मागे किंवा डिकीतल्या स्पेअरवर कारखान्याचा मूळ रंग शिल्लक असतो. रुपयाच्या नाण्याएवढा भाग रबिंग कंपाउंडने चोळून उजळवा आणि ते चाकच रंगवाल्याकडे न्या. शेड उन्हात जुळवायची, ट्यूबलाइटखाली नाही. पाचही चाकं एकदम ब्लास्टिंगला (हवेच्या दाबाने कठीण दाणे मारून रंग-गंज उडवायला) पाठवली की हा पुरावा गेलाच.

मग टायर, ट्यूब, बॅलन्सिंगची जुनी वजनं काढा आणि चाक रंगवण्याच्या लायकीचं आहे का ते तपासा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. तडे बोल्टाच्या भोकांभोवती आणि सांध्याच्या जोडांजवळ येतात. जुन्या मेकॅनिक लोकांची रॉकेल-खडूची युक्ती अजूनही उत्तम. रंग काढलेल्या जागेवर रॉकेल लावून पंधरा-वीस मिनिटं मुरू द्या, फडक्याने कोरडं पुसा, वर खडूची पूड चोळा. तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल हळूहळू वर येतं आणि पांढऱ्या पुडीवर केसासारखी ओली काळपट रेघ उमटते. अशी रेघ भोकापासून बाहेरच्या दिशेने निघालेली दिसली तर ते चाक भंगारात. वेल्डिंग करून वापरायचा मोह नको. सांध्याच्या फटीतूनही थोडं रॉकेल वर येईल, त्याला तडा समजू नका. बोल्टाचं भोक लंबगोल झालं असेल, किंवा बोल्ट जिथे टेकतो ती तिरकी बैठक खरवडलेली असेल, तरी तोच निकाल.

वाकडेपणा बघायला चाक गाडीच्याच हबवर बसवून फिरवा आणि जमिनीवर पक्का ठेवलेला तारेचा काटा रिमच्या कडेला लावा. दीड मिलिमीटरपर्यंतचा हेलकावा अशा जुन्या चाकाला मी चालवून घेईन, त्याहून जास्त नाही. टायरच्या बैठकीवरचे गंजाचे खड्डे नखाला जेमतेम जाणवत असतील तर ठीक. एक मिलिमीटरहून खोल असतील तर ते चाक स्पेअर म्हणूनही ठेवू नका.

रंग काढायला कॉस्टिक सोड्याची टाकी स्वस्त पडते, पण सोडा सांध्यात शिरला की कितीही धुतलं तरी पुरता निघत नाही, आणि महिन्याभराने नव्या रंगाखालून फोड आणतो. आम्लात बुडवण्याचंही तेच. ब्लास्टिंगच करा. गार्नेट किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइड, दाण्याचं माप ६० ते ८० मेश, दाब साधारण ६० ते ७० पीएसआय. साधी नदीची वाळू वापरणाऱ्याकडे देऊ नका. ती धूळ त्या माणसाच्या फुप्फुसात जाते. आधी चाक रॉकेल आणि मग साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवलेलं हवं, नाहीतर ग्रीस लोखंडात ठोकून बसवलं जातं. ब्लास्टिंग झाल्यावर रबरी हातोडीने सांध्याभोवती गोल ठोकत जा आणि हवेचा पाइप लावा. फटीतून दाणे येतच राहतात. ते थांबेपर्यंत ठोका. व्हॉल्व्हच्या भोकाची कड आणि रिमच्या वेल्डची रेघ १२० नंबरच्या पॉलिश पेपरने गुळगुळीत करा, कारण ट्यूब तिथेच कापली जाते.

आता घड्याळ लावा. उघडं लोखंड मुंबई-कोकणातल्या दमट हवेत काही तासांत पिवळट पडतं. उघड्या हाताने धरलं तर बोटांचे ठसे दुसऱ्या दिवशी गंजाचे ठसे होतात, म्हणून हातमोजे. ब्लास्टिंग आणि प्रायमर एकाच दिवशी. हवेचं गणित असं की लोखंड दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतलं पाणी थेंब होऊन बसतं) निदान ३ अंश गरम हवं. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू २६ च्या आसपास येतो, म्हणजे लोखंड २९ ला हवं. रात्रभर फरशीवर पडलेलं चाक सकाळी २६-२७ लाच असतं आणि त्यावर डोळ्यांना न दिसणारं पाणी बसतं. उन्हात अर्धा तास ठेवून, सांध्यात पुन्हा हवा मारून, मग सावलीत प्रायमर मारा. जुलै-ऑगस्टमध्ये हे काम काढूच नका. दिवाळीनंतर काढा.

प्रायमर टू-के इपॉक्सी, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायचा दोन भागांचा. पाच चाकांना किती लागेल? एका १४ इंची चाकाचं आतून-बाहेरून क्षेत्रफळ अर्ध्या चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे पाचांचं अडीच. वाळल्यावर ६० मायक्रॉन थर हवा असेल आणि चाकाच्या वेड्यावाकड्या आकारामुळे निम्मा फवारा हवेत जातो हे धरलं, तर हार्डनरसकट एक लिटर पुरतो. हार्डनर त्याच कंपनीचा आणि प्रमाण डब्यावर लिहिलेलं. अंदाजाने जास्त टाकला तर लवकर नाही, ठिसूळ वाळतो.

पहिला हात गनने नाही, ब्रशने. थोडा प्रायमर नेहमीपेक्षा पातळ करा आणि अर्धा इंची ब्रशने सांध्याच्या फटीत पाजत जा, चाक आडवं ठेवून आधी एका बाजूने. दोन-तीन मिनिटांत फट तो पिऊन टाकते आणि कडेला पुन्हा कोरडी रेघ दिसते. तिथे परत पाजा. ती रेघ ओली राहिली की चाक उलटा आणि दुसऱ्या बाजूने तेच करा. हे तासाभराचं काम आहे आणि पैसे देऊन करून घेणार असाल तर समोर उभं राहून करून घ्या, कारण नंतर ते दिसत नाही. त्यानंतर गनने दोन हात, नोझल १.६ ते १.८ मिलिमीटर. आधी मागची बाजू आणि हवेच्या खिडक्यांच्या आतल्या कडा, दर्शनी बाजू शेवटी. धारदार कडांवरून रंग आपोआप मागे सरकतो, म्हणून तिथे एक जादा फिरवा.

लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, इपॉक्सीवरच भरायची, आणि फक्त दर्शनी बशीवर. टायरच्या बैठकीवर, हबला टेकणाऱ्या तोंडावर किंवा बोल्टाच्या बैठकीत लांबीचा कणही नको. दाबाखाली ती चुरते आणि बोल्ट ढिले पडतात. रंगाच्या जाडीलाही हाच नियम. हबच्या तोंडावर आणि बोल्टाच्या बैठकीत प्रायमरचा एकच पातळ हात, पुढे मास्किंग टेप. भोकात बसायला वाटीसारखी कागदी टोपी किंवा जुना बोल्टच ग्रीस न लावता खोचून ठेवला तरी चालतं.

वरचा रंग टू-के पीयू (पॉलियुरेथेन). नोझल १.३ किंवा १.४, हार्डनर-थिनरसकट पाऊण लिटर पाच चाकांना पुरतो. बेसकोट-क्लिअरच्या, म्हणजे रंगावर वेगळा पारदर्शक थर देण्याच्या, वाटेला मी जाणार नाही. त्याने चाक आरशासारखं चमकतं आणि जुन्या गाडीखाली उपरं दिसतं. एका थराचा पीयू कारखान्याच्या रंगाच्या बराच जवळ जातो. डब्यातला साधा स्प्रे ब्रेक ऑइलच्या एका थेंबाने सुरकुततो, पीयू बराच टिकाव धरतो. रंग मारताना पांढुरका धुरकट पडला तर दोष हवेतल्या ओलाव्याचा. हळू उडणारा थिनर वापरा. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्यासमोर रुमाल किंवा कापडी मास्क निरुपयोगी. सेंद्रिय वाफांसाठीचा कार्ट्रिज मास्क आणि मोकळी हवा ही किमान तयारी. शक्य असेल तर बाहेरून हवा पुरवणारा मास्क.

तरीही पावडरच करायचं ठरलं तर तीन अटी घाला. बोल्टाच्या बैठका आणि हबचं तोंड झाकलेलं असावं, कारण १०० मायक्रॉनचा मऊ थर बोल्टाखाली दबतो आणि आवळलेपणा निघून जातो. पॉलिएस्टर लांबी भरू नये, ती १८०-२०० अंशांच्या भट्टीत टिकत नाही आणि विजेचा भारही धरत नाही, म्हणजे खड्डे तसेच दिसणार. तिसरं, चाक आधी नुसतंच भट्टीत तापवून सांध्यातली वाफ आणि तेल बाहेर काढावं, नाहीतर तिथे सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात.

टायर चढवायची घाई नको. पीयू हाताला अर्ध्या दिवसात कोरडा लागतो, पण टायरवाल्याच्या पहारीपुढे टिकायला आठवडा लागतो. टायरच्या कडेला फिटिंगचा साबण भरपूर लावायला सांगा आणि मशीनच्या जबड्यांना रबराचे तुकडे. कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी ५.२०-१४ मापाच्या, ट्यूबच्या टायरवर निघायची. रिमच्या बैठकीवर आतल्या बाजूने गोल उंचवटा नसेल तर कुणी कितीही आग्रह केला तरी ट्यूबशिवाय टायर घालू नका. हवा कमी असताना वळणावर टायरची कड बैठकीवरून सरकते.

रंग पक्का झाल्यावर सांध्यात मागच्या बाजूने पातळ पाझरणारं मेणतेल सोडा, दर पावसाळ्याआधी एकदा. सीलंटने फट बुजवू नका. एका बाजूने बुजवलेली फट म्हणजे पाण्याची टाकी. हबकॅप जिथे अडकतो त्या उंचवट्यांवर रंग खरचटतोच, तिथे बोटभर ग्रीस. बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, सर्व्हिस मॅन्युअलमधल्या टॉर्कवर (आवळण्याच्या जोरावर) आवळा आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर गार चाकावर परत तपासा. एखादा बोल्ट पाव फेरा फिरला तर त्याच्या बैठकीत रंग जाड राहिलाय. चाक उतरवा, तेवढीच बैठक घासून पातळ करा.