जेसपला पहिल्यांदा परीक्षक म्हणून बसताना

आंतरराष्ट्रीय कायद्यात वकिली करत नाही म्हणून कचरू नका, नाव नोंदवा. जेसप ही कायद्याच्या विद्यार्थ्यांची मूट कोर्ट, म्हणजे अभिरूप खटल्याची स्पर्धा. तिच्यात दोन काल्पनिक देश आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे भांडतात, आणि त्यांची बाजू विद्यार्थ्यांचे संघ मांडतात. आधी दोन्ही देशांनी मान्य केलेली तथ्यं आणि परीक्षकांसाठीचा बेंच मेमो, म्हणजे खटल्यातल्या कायदेशीर मुद्द्यांचं टिपण, नीट वाचा. तो मेमो मुलांच्या हाती लागता कामा नये, एवढं जपा. शिवाय न्यायालयाच्या संविधीचं कलम 38 नजरेखालून घाला; आंतरराष्ट्रीय कायदा कशातून येतो ते त्यात आहे: करार, रूढी, कायद्याची सर्वसाधारण तत्त्वं. "ही रूढी आहे म्हणता, मग देशांचं तसं आचरण दाखवा," या एका प्रश्नातून कुणाची तयारी किती खोल आहे ते लगेच कळतं.

प्रत्येक संघाला 45 मिनिटं, तीही दोन वक्त्यांत वाटलेली. त्यामुळे तुमचा प्रश्न एका वाक्यात संपवा. काही परीक्षक प्रश्नाच्या नावाखाली भाषणच ठोकतात. मला ते अजिबात पटत नाही. महिनोन्‌महिने राबलेल्या मुलीचा वेळ आपण खातो. ती अडखळली, तर तोच प्रश्न सोपा करून विचारा. कॉलेजचं नाव विचारू नका. गुण देताना कायद्याने कुणाची बाजू वरचढ आहे ते बाजूला ठेवा, इंग्रजीचा लहेजाही मोजू नका; उत्तर किती नेमकं आलं ते बघा.