चिनी सैन्यात पॉलिटिकल कमिसार म्हणजे काय? कोणाचं उदाहरण देता येईल का?

कमिसार म्हणजे कम्युनिस्ट पक्षाचा सैन्यातला माणूस, पण नुसता भाषणं देणारा नाही हं, प्रमोशन, शिस्त, पक्ष समिती सगळं त्याच्याकडे, आणि दर्जा कमांडरच्या बरोबरीचा. मला विचाराल तर लिऊ युआन या जनरलचं करिअर बघा. जन्म १९५१ चा, वडील लिऊ शाओची चीनचे राष्ट्राध्यक्ष होते, पण माओच्या सांस्कृतिक क्रांतीत त्यांचे अतोनात हाल झाले आणि १९६९ मध्ये हनान प्रांतातल्या कायफंगला कैदेतच वारले. मुलाला खेड्यात शेतात राबायला पाठवलेलं. पुढे हाच मुलगा त्याच हनानमध्ये तालुक्यापासून सुरुवात करून उपराज्यपाल झाला, हे वाचून मला अजूनही गलबलतं. १९९२ मध्ये सशस्त्र पोलीस दलात आला, मग मिलिटरी सायन्स अकादमीचा कमिसार, २००९ ला जनरल, आणि २०११ पासून जनरल लॉजिस्टिक्स डिपार्टमेंटचा, म्हणजे सैन्याचा रसद-पुरवठा बघणाऱ्या खात्याचा कमिसार. तिथलाच उपप्रमुख गू जुनशान, प्रचंड पैसा खाल्लेला, त्याच्याविरुद्ध लिऊ उभा राहिला, २०१२ मध्ये गूला हटवलं आणि २०१५ ला स्थगित मृत्युदंड (लगेच अमलात न आणता पुढे ढकललेला) झाला. त्याच वर्षाच्या शेवटी लिऊ रिटायर झाला, सैन्यावर हुकूमत असलेल्या केंद्रीय लष्करी आयोगात मात्र त्याला जागा मिळाली नाही, जी मिळायला हवी होती असं माझं मत.