तो आपल्यामुळे उडता कामा नये

अगं मुली,

तुझा मेसेज काल रात्री पावणेबाराला आला, सोबत सहा फोटो. माझी झोप उडाली ती फोटोंनी नाही, खाली जे लिहिलंस त्याने. परसात तू टाकलेली बाजरी टिपणारी चिमणी शिक्र्याने, त्या लहानशा शिकारी पक्ष्याने, तुझ्या डोळ्यांदेखत उचलली. आजी म्हणतात, दाणे टाकणं बंद कर, पाप आपल्या माथी येतं. ग्रुपवरचा कुणी म्हणतो, भिंतीवर पांढरा उंदीर बांध, झडप हमखास मिळेल. आणि तू विचारतेस, काका, त्याला हाकलू की बोलावू?

दोन्ही करू नकोस. तो येईल तेव्हा येईल, जाईल तेव्हा जाईल. तो आपल्यामुळे उडता कामा नये. मला जे सांगायचं आहे ते एवढंच, आणि पत्रात ते मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळू नकोस.

आधी एक बारीक गोष्ट. सहावा फोटो शिक्र्याचा नाही, कोकिळेच्या कुळातल्या पावशाचा आहे. चोच बघ, सरळ आहे, आकडीसारखी खाली वळलेली नाही, आणि डोळ्याभोवती पिवळं कडं आहे. पाठ, शेपटीवरचे पट्टे, उडण्याची ढब इतकी सारखी की चिमण्याही फसतात. बाकीचे पाच मात्र शिक्र्याचेच. राखाडी-निळसर पाठ, लाल डोळा, म्हणजे नर. मादी त्याच्यापेक्षा थोराड, पाठीवर तपकिरी झाक, डोळा पिवळा-नारिंगी. ती आली तर कळव.

आता उंदराचं. ज्याने हा सल्ला दिला त्याच्याशी वाद घालू नकोस, ऐकूही नकोस. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात आमिष लावणंही येतं. पण मी कायद्याच्या धाकाने सांगत नाहीये. पूर्वी बाज पाळणारे लोक शिक्रा हौसेने पाळायचे, कारण तो चटकन शिकतो. आयत्या मांसाला सरावला की तो माणसाची भीती सोडतो. तुझ्या भिंतीवर तू त्याला जपशीलही, पण चार घरं पलीकडे गलोल घेतलेला पोरगा असतो, त्याचं काय?

मी हे कुठल्या तोंडाने सांगतो, ते तुला ठाऊक नाही. आजवर कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून लिहितो.

२००९चा डिसेंबर होता. कोथरूडला आमचं बैठं घर होतं, मागे धुण्याचा दगड, त्याच्या बाजूला पाण्याचं मातीचं पसरट भांडं. त्या दगडावर शिक्रा सरडा घेऊन बसला होता. त्याच वर्षीचं पिल्लू, छातीवर तपकिरी उभे फराटे, डोळा फिकट पिवळा. बसलेले चाळीसेक फोटो माझ्याकडे झाले होते. मला पंख उघडलेला हवा होता. अर्धा तास झाला तरी तो हलेना, म्हणून मी टाळी वाजवली.

फोटो मिळाला. एकेक पीस मोजून घ्यावं असा, डोळ्यात उजेडाचा ठिपका, पायातून सुटलेला सरडा हवेत. आणि त्याच क्षणी शेजारच्या नव्या इमारतीच्या जिन्याच्या काचेवर धप्प आवाज झाला, जाड वही फरशीवर पडावी तसा. धावत गेलो. काचेला एक पीस चिकटलं होतं. त्याला उचलला तेव्हा हातात काही आहे असं वाटेना, इतका हलका. बुटांच्या खोक्यात अंधार करून ठेवला, संध्याकाळी झाकण उघडलं तेव्हा तो गार झाला होता.

त्या फोटोला बक्षीस मिळालं. चार वर्षं तो आमच्या दिवाणखान्यात लागला होता. येणारा प्रत्येक जण विचारायचा, हा क्षण कसा साधलात? मी म्हणायचो, धीर धरावा लागतो. ते खोटं होतं.

मी स्वतःला बरंच समजावलं आहे. काच मी बसवली नव्हती, तो कदाचित तसाही तिकडेच उडाला असता, सगळेच तेव्हा टाळ्या वाजवायचे, खडे मारायचे. असेल. पण टाळी माझी होती. तेव्हापासून मी कुठल्या स्पर्धेला फोटो पाठवला नाही, आणि मांस टाकून पक्षी उतरवतात अशा आडोशात पैसे देऊन बसलो नाही. दोन जुने मित्र त्यावरून तुटले. हेकट म्हणतात मला. म्हणू देत. मी बरोबर आहे असं मला आजही वाटतं, आणि तुलाही वाटावं म्हणूनच इतकं लिहितोय.

तर आता नीट ऐक. पक्षी आल्यावर तू खिडकीशी धावतेस, हे तुझ्या फोटोंतच दिसतं. पाचपैकी चार फोटोंत त्याची मान तुझ्याकडे आहे. तो यायच्या आधी तू बसलेली असायला हवीस. खिडकीला गडद पडदा, त्याच्या फटीतून लेन्स, कॅमेरा ट्रायपॉडवर, शटरचा आवाज बंद, फ्लॅश अजिबात नाही. तो येतोय हे तुला परसच सांगेल. खार शेपटी झटकत चिरकायला लागते, बुलबुल गप्प होतात, चिमण्या एकदम तगरीत शिरतात. त्या वेळी हलायचं नाही. तो खाताना पंख पसरून भक्ष्य झाकतो, ते कावळ्यासाठीही असेल. पण झाकून तुझ्याच दिशेला टक लावून थांबला, तर तू त्याला दिसलीस. बोट शटरवरून काढ. शिक्र्याच्या बहुतेक झडपा फुकट जातात. हातातला घास आपल्यामुळे टाकून तो गेला, तर त्याची सकाळ आपण खाल्ली.

आणि उडण्याचा फोटो हवाच असेल तर तो स्वतः खूण देतो. बहुतेकदा आधी शिटतो, मग अंग पुढे झुकतं, पाय आखडतात. शटरचा वेग दोन हजारावर, म्हणजे सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर ठेवून तयार राहा. निसटला तर निसटला. तो स्वतःहून उडाला असेल तर उद्या पुन्हा येईल.

आजींना सांग, चिमणी खाणारा पापी नाही, त्याचंही पोट आहे. पण त्यांचं अर्धं म्हणणं मला पटतं. दाणे तू टाकतेस, तेव्हा चिमणीची जबाबदारी तुझ्यावर येते. दाण्याची ताटली उघड्यावरून हलवून तगरीपासून चार-सहा पावलांवर ने, म्हणजे पळायला आडोसा मिळेल. काचेचं फार बघ. ताटली खिडकीला अगदी लागून, हातभर अंतराच्या आत हवी, नाहीतर थेट तीस फुटांपलीकडे. मधल्या अंतरावर घाबरलेला पक्षी पूर्ण वेगात काचेवर जातो. शिक्रा रोजच टपून बसायला लागला, तर पंधरा दिवस दाणे बंद ठेव, पाणी चालू राहू दे. चिमण्या पांगतात, मग तोही दुसरी जागा बघतो. ते पंधरा दिवस फोटो मिळणार नाहीत, माहीत आहे. तरी बंद ठेव.

पक्षी सप्ताहात तुझ्या शाळेत फोटो लावायचे आहेत म्हणालीस ना? पाचपैकी तिसरा लाव. त्यात तो तुझ्याकडे बघत नाहीये, पंजा वर घेऊन चोच पुसतोय. झडप नाही, रक्त नाही, म्हणून तो तुला सपक वाटला असेल. मला सहांत तोच आवडला.

रविवारी मी येतो, साडेसहाला. पडदा आदल्या रात्रीच लावून ठेव, खुर्च्या ओढल्याचा आवाज नको. कॅमेरा तुझाच राहू दे, मी आणणार नाही.

तुझा,
काका