कोल्हापूर भागात लिलावात ट्रॅक्टर आणि अवजारे खरोखर स्वस्त मिळतात का?

कागलजवळ आपला तीन एकर ऊस आहे, जुना ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर घ्यायचा विचार आहे, आणि हप्ते थकल्यामुळे ओढून आणलेली वाहने लिलावात निम्म्या किमतीला मिळतात असे आपण ऐकले आहे. यात तथ्य किती आणि जाताना काय पाहावे, असा आपला प्रश्न आहे. मी करवीर तालुक्यातला ऊस उत्पादक आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत असे पंधरा-वीस लिलाव मी पाहिले. त्यांतून पाच वेळा वस्तू घेतली आणि एकदा चांगलाच फसलो. माझे मत असे झाले आहे की खरा स्वस्त माल ट्रॅक्टरांच्या रांगेत क्वचित असतो. तो यार्डाच्या, म्हणजे ओढून आणलेली वाहने ठेवतात त्या आवाराच्या, मागच्या बाजूला गवतात पडलेल्या अवजारांत असतो.

ट्रॅक्टरला लिलावात गिऱ्हाईक भरपूर असते. जुन्या ट्रॅक्टरांचा धंदा करणारे एजंट त्याच रांगेसमोर उभे असतात, कोणत्या मॉडेलला बाजारात काय भाव आहे हे त्यांना तोंडपाठ असते, आणि पुढे विकून पंचवीस-तीस हजार सुटतील एवढ्याच बेताने ते बोली थांबवतात. त्यामुळे आपल्यासारख्या शेतकऱ्याला फार तर त्यांचा नफा तेवढा वाचवता येतो. निम्मी किंमत जिथे दिसते तिथे बहुधा ट्रॅक्टरच निम्मा उरलेला असतो.

आपल्या जिल्ह्यातले बरेचसे ट्रॅक्टर यार्डात येतात ते ऊस वाहतुकीतून, हेही ध्यानात घ्यावे. वाहतूकदार हंगामाआधी ऊसतोड मजूर आणणाऱ्या मुकादमाला लाखोंची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो, तोडणी टोळी येतच नाही किंवा अर्ध्या हंगामात निघून जाते, आणि मग कर्जाचे हप्ते थकतात. असा ट्रॅक्टर चार वर्षांचा असला तरी दोन-दोन भरलेल्या ट्रॉल्या ओढून त्याचा क्लच, ब्रेक आणि मागचा एक्सल पार थकलेला असतो. केवळ नांगरट आणि सरी सोडण्याच्या कामात राहिलेला आठ वर्षांचा ट्रॅक्टर त्याच्यापेक्षा मला बरा वाटतो. मागचा हुक पाहिला की पुष्कळ उलगडा होतो, कारण वाहतुकीच्या ट्रॅक्टरचा हुक आणि त्याची पिन घासून लंबगोल झालेली असते आणि तिथल्या पट्ट्यांवर वेल्डिंगचे थरावर थर चढलेले असतात.

माझी फसगत झाली ती पुराच्या पाण्यामुळे. 2019 च्या ऑगस्टमधल्या महापुरानंतर काही महिन्यांनी एका वित्तसंस्थेच्या यार्डात मला एक ट्रॅक्टर फार पसंत पडला. रंग नवा होता, सीट नवी होती, टायर काळेभोर होते. लिलावाच्या दिवशी इंजिन चालू करून दाखवले, आवाजही ठीक वाटला, आणि मी बोली लावून तो घेतला. पंधरा दिवसांत सेल्फ गेला, मग अल्टरनेटर गेला. आमच्या मिस्त्रीने डॅशबोर्डची पाटी खोलली तेव्हा आत वायरींच्या गुंत्यावर पिठासारखा बारीक, वाळलेला गाळ बसलेला दिसला. त्याने बोटाने तो माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, "दादा, ह्यो दोन दिस तरी पाण्यात हुता. रंग बघून घेतलासा व्हय?" गिअरबॉक्सचे ऑइल काढले तर ते दुधाच्या चहासारखे पांढरट झालेले होते. दुरुस्तीला 60 हजारांहून अधिक गेले. 2021 च्या जुलैमध्ये पुन्हा पूर आला, त्यामुळे शिरोळ, हातकणंगले, करवीर या नदीकाठच्या भागातले वाहन असेल तर ही तपासणी आजही सोडू नये. सीटखालच्या स्प्रिंगा, मीटरच्या काचेच्या आतली कडा, हेडलाइटची वाटी आणि फ्यूजबॉक्स या ठिकाणी गाळ किंवा गंज हमखास सापडतो, कारण रंगारी तिथवर पोचत नाही.

पाहणीसाठी सहसा लिलावाआधी दोन-तीन दिवस मिळतात. सकाळी लवकर जावे आणि चालू करण्यापूर्वी इंजिनवर हात ठेवून पाहावा. ते गरम लागले तर आपल्या आधीच कोणी तरी ते चालू करून ठेवले आहे आणि थंड इंजिन कसे सुरू होते हे आपल्याला कळणार नाही. ऑइल भरायचे झाकण काढल्यावर तिथून धुराचे भपकारे येत असतील तर इंजिनकामाचा खर्च धरूनच बोली ठरवावी. लिफ्टवर एखादे जड अवजार उचलून इंजिन बंद करावे. ते झरझर खाली आले तर हायड्रोलिकचे काम निघणार. मागचे दोन टायर गुळगुळीत असतील तर चाळीसेक हजार तिथेच वजा करावेत.

कागदपत्रांत माझे पाच महिने गेले, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. वित्तसंस्थेने ओढून आणलेले वाहन घेताना मूळ आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) हातात आहे की मूळ मालकाने ती दिलेलीच नाही, हा पहिला प्रश्न विचारावा. मालकाने ती दिली नसेल तर संस्थेला आधी फॉर्म 36 भरून आरसी स्वतःच्या नावावर काढून घ्यावी लागते आणि मगच ती आपल्या नावावर होते. एरवी हस्तांतरणाचे फॉर्म 29 आणि 30, आणि कर्जाचा बोजा उतरवण्याचा फॉर्म 35, हे सह्या-शिक्क्यांसह पैसे भरतानाच मागून घ्यावेत. सरकारी खात्याच्या जाहीर लिलावातले वाहन असेल तर फॉर्म 32 लागतो आणि ताबा मिळाल्यापासून 30 दिवसांत अर्ज करायचा असतो. चेसिस नंबर स्वतः घासून, वाचून आरसीशी ताडून पाहावा. नोंदणीला 15 वर्षे होत आली असतील तर नूतनीकरणाचा खर्चही धरावा. ट्रॉलीची नोंदणी स्वतंत्र असते हे बरेच जण विसरतात. ट्रॅक्टरबरोबर ट्रॉली मिळाली म्हणून खूश होऊन घरी यावे, तर तिला कागदच नसतात.

आता अवजारांकडे वळतो. रोटाव्हेटर, पलटी नांगर, सरी रेझर, कुट्टी मशीन यांना आरटीओ नाही, आरसी नाही, त्यांच्यातले जवळजवळ सगळे डोळ्यांना दिसते, आणि एजंटाला त्यात फारसा रस नसतो. त्यातून कोल्हापूरकरांना शिवाजी उद्यमनगर हाताशी आहे. ऑइल इंजिने आणि ओतकामावर वाढलेल्या त्या पेठेत तुटलेला दात, झिजलेला शाफ्ट किंवा फुटलेले गिअरचे घर पाहून "होतंय की" म्हणणारा माणूस अजूनही भेटतो. दुसऱ्या जिल्ह्यातल्या खरेदीदाराला जी वस्तू भंगार वाटते ती आपल्याला दुरुस्तीची वाटते, आणि आपला फायदा नेमका या फरकात असतो.

दोन वर्षांपूर्वी मी सहा फुटी रोटाव्हेटर करासह 31,000 रुपयांना घेतला. तो एका ट्रॅक्टरबरोबर जप्त होऊन आला होता आणि लिलावात शेवटून दुसरा पुकारला गेला, तेव्हा निम्मे लोक चहाला गेले होते. त्याची 42 पाती झिजून बोटाएवढी उरली होती, हे पाहून बाकीच्यांनी नाक मुरडले. पण पाती ही बदलायचीच वस्तू आहे. मी पात्यांकडे न पाहता गिअरबॉक्सचा शाफ्ट दोन्ही हातांनी वर-खाली हलवून पाहिला, तो खुळखुळत नव्हता. मग बोल्ट सोडून ऑइलमध्ये बोट घालून दोन बोटांत चोळले, त्यात लोखंडाची कणी लागली नाही. पाती 5,460, बेअरिंग आणि ऑइलसील 3,800, मजुरी 2,500 आणि वाहतूक 1,200 असे मिळून तो 43,960 रुपयांना माझ्या दारात उभा राहिला. नवा घेतला असता तर लाखाच्या वर गेला असता. आपल्यासाठी मात्र सहा फुटी घेऊ नये. तो ओढायला 45 एचपीच्या पुढचा ट्रॅक्टर लागतो.

बंद पडलेल्या गुऱ्हाळांचे साहित्यही कधी कधी विक्रीला निघते. चरक (ऊस पिळायचे यंत्र) आणि काहील (रस उकळायची मोठी कढई) ज्याला गुळाचाच धंदा करायचा आहे त्यानेच घ्यावी, पण त्यांच्याबरोबर मोटर, स्टार्टर, पाइप आणि लोखंडी अँगल निघतात, ते आपल्या उपयोगाचे असतात. शेतजमिनीच्या लिलावात हात घालायचा असेल तर आधी वकील गाठावा. बँकांच्या कर्जवसुलीसाठीच्या 2002 च्या सरफेसी कायद्याखाली बँकेला शेतजमीन थेट विकता येत नाही, सहकारी संस्थांची वसुली वेगळ्या कायद्याने चालते, आणि तो या उत्तराचा विषय नाही.

बोलीबाबत माझी पद्धत साधी आहे. आदल्या रात्री वहीत तीन आकडे लिहितो: चांगल्या स्थितीतल्या तशाच वस्तूचा बाजारभाव, दुरुस्तीचा खर्च, आणि कर, कमिशन, वाहतूक यांची बेरीज. पहिल्यातून बाकीचे दोन वजा करतो आणि त्यातूनही दहा टक्के कमी करून जो आकडा येतो त्याच्या पुढे एक रुपयाही जात नाही. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव ठरतो, म्हणून माघार घ्यायला लाज वाटत नाही. लिलावात चारचौघांत भाव पुकारला जातो आणि माणूस ईर्ष्येला पडतो. मोबाइलवरच्या ऑनलाइन लिलावात तर शेवटच्या मिनिटाला बोली आली की वेळ पुन्हा वाढते आणि ईर्ष्याही वाढते. आणखी एक, आपल्याच गावातल्या माणसाचा ट्रॅक्टर पुकारला जात असेल तर मी उठून बाहेर जातो. हा हिशेबाचा भाग नाही, पण पुढे त्याच्या बांधावरून आपल्याला जायचे असते.

वेळ म्हणाल तर हंगाम संपल्यावर, एप्रिल ते जुलै. मार्चअखेरच्या वसुलीत ओढलेली वाहने तेव्हा यार्डात साठलेली असतात आणि वाहतूकदारांना त्यांची गरज नसते. दसऱ्याच्या सुमारास तोच ट्रॅक्टर चढ्या भावाने जातो.

तीन एकरांसाठी स्वतःचा ट्रॅक्टर मला परवडणारा वाटत नाही, हे स्पष्टच सांगतो. यंदा पाच फुटी रोटाव्हेटर आणि रेझर घ्यावा आणि भावकीतला ट्रॅक्टर तासावर लावावा. पाहणीला जाताना मिस्त्रीला सोबत न्यावे, त्याची दिवसाची मजुरी द्यावी, आणि बोली जिंकलीच तर माल उचलण्याची मुदत त्याच क्षणी लेखी घ्यावी. मुदत टळली की यार्डाचे दिवसाचे भाडे सुरू होते आणि अनामत परत मिळवताना नाकी नऊ येतात.