वाचकांचे प्रश्न : सेल्सिअस, फॅरेनहाइट आणि मधले बत्तीस

प्र. डिजिटल थर्मामीटरवर मुलाचा ताप ३८.४ दिसतो. आमच्या डॉक्टरांना फॅरेनहाइटमध्ये सांगावा लागतो. किती सांगू? – खानापूर

उ. १०१.१. आकड्याची दुप्पट करा, ७६.८. त्यातून त्याचाच दहावा हिस्सा वजा करा, ६९.१. मग ३२ मिळवा. ३८ म्हणजे १००.४, ही जोडी पाठ करून ठेवा. घाईत उपयोगी पडते.

प्र. आमच्या गुऱ्हाळावर फॅरेनहाइटचा थर्मामीटर आहे. माहितीपत्रकात 'काहील ११८ सेल्सिअसला उतरवा, त्याच्या ४ अंश आधी जाळ कमी करा' असं आहे. ११८ चे २४४.४ केले, ४ चे ३९.२. वजाबाकी करून २०५ ला जाळ ओढला, तर रस पातळच राहिला. – चिकोडी तालुका

उ. २४४.४ बरोबर आहे, चूक ४ मध्ये झाली. ११८ हे पट्टीवरचं ठिकाण आहे, ४ हे दोन ठिकाणांमधलं अंतर. पाणी गोठण्यापासून उकळेपर्यंत सेल्सिअसचे १०० भाग पडतात, फॅरेनहाइटचे १८०. म्हणून अंतराला फक्त १.८ ने गुणायचं. ३२ मिळवतात ते फॅरेनहाइटमध्ये पाणी शून्याला न गोठता ३२ ला गोठतं म्हणून. अंतर मोजताना त्या ३२ चं काही काम नाही. ४ चे ७.२ होतात, म्हणजे जाळ २३७.२ ला कमी करायचा. तुमचे २०५ म्हणजे सेल्सिअसमध्ये जेमतेम ९६. एवढ्यावर रसाला उकळीसुद्धा फुटत नाही.

प्र. प्रयोगासाठी आणलेला काचेचा थर्मामीटर उकळत्या पाण्यात ९७.५ च्या वर जात नाही. बिघडलाय का? – बेळगाव

उ. नाही, तो खरं सांगतोय. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचावर आहे. उंचीवर हवेचा दाब कमी, त्यामुळे साधारण दर ३०० मीटरला पाणी एक अंश आधी उकळतं. शंभराची खूण इथे तपासताच येत नाही, शून्याची तपासा. बर्फाचा चुरा भांड्यात गच्च भरा, फटी भरतील इतकंच थंड पाणी घाला, ढवळा, फुगा तळाला न टेकवता तीन-चार मिनिटं धरा. नुसत्या बर्फात धरलं तर मधल्या हवेमुळे आकडा चुकतो. तापाचा थर्मामीटर मात्र उकळत्या पाण्यात कधीही घालू नका, तो फुटतो.

उंचीचं हे गणित चिकोडीच्या वाचकांनाही लागू आहे. पत्रकातले ११८ समुद्रसपाटीचे असतील, तर तुमच्याकडे पाक दोन-अडीच अंश आधीच तेवढा घट्ट होतो. अडीच सेल्सिअस म्हणजे साडेचार फॅरेनहाइट, इथेही ३२ नाहीत. तेव्हा २४० च्या सुमारासच गुळव्याला थंड पाण्यात गोळी करून बघायला सांगा.