पीएस-३ काही बोलतच नाही, सिरीयल जोडणीत नेमकं अडलंय कुठे?

प्रश्न : माझ्याकडे जुना जाड पीएस-३ (प्लेस्टेशन ३ गेम कन्सोल) आहे, २००६ साली जे पहिलं मॉडेल आलं तेच. चालू केला की क्षणभर पिवळा लाईट, मग बीप आणि लाल लाईट ब्लिंक होत राहतो. सिसकॉन, म्हणजे कन्सोलची पॉवर सांभाळणाऱ्या कंट्रोलर चिपमधला एरर कोड वाचावा म्हणून यूएसबी-सिरीयल अडॅप्टरच्या टीएक्स (पाठवणारी), आरएक्स (ऐकणारी) आणि ग्राउंड अशा तीन वायरी बोर्डाला सोल्डर केल्या, पण स्क्रीन एकदम कोरी, एक अक्षर येत नाही. सिसकॉनच गेली असेल का? एकदा हीट गनने बोर्ड गरम करून बघू का?

उत्तर : हीट गन आधी बाजूला ठेवा, प्लीज. सिसकॉन गेली असती तर पॉवर बटण दाबल्यावर लाईटचा हा सगळा क्रम दिसलाच नसता, तो क्रम सिसकॉनच चालवते, म्हणजे ती जिवंत आहे आणि फक्त तुमच्यापर्यंत पोचत नाहीये. गरम करून कन्सोल चार दिवस चालला तरी मूळ दोष तसाच राहतो, आणि खरा दोष शोधणं आणखी अवघड होतं.

सुरुवात लॅपटॉपच्या बाजूने करा. कन्सोलच्या वायरी काढा, अडॅप्टरचे टीएक्स आणि आरएक्स एकमेकांना जोडा, टर्मिनल प्रोग्राममध्ये लोकल एको (टाइप केलेलं त्यानेच स्क्रीनवर दाखवणं) बंद ठेवा आणि काहीतरी टाइप करा. टाइप केलेलं परत दिसलं तर अडॅप्टर, ड्रायव्हर आणि पोर्ट नंबर तिन्ही ओके. नाही दिसलं तर बोर्डावर कितीही वेळ घालवा, उपयोग शून्य. फ्लो कंट्रोलही (पाठवण्याआधी परवानगी मागायची सोय) बंद ठेवा, नाहीतर तीन वायरींच्या जोडणीत पलीकडून परवानगी येईल म्हणून अडॅप्टर नुसता वाट बघत बसतो.

मग मल्टीमीटर घ्या. अडॅप्टरचा ग्राउंड आणि टीएक्स यांच्यात, काही पाठवत नसताना, साधारण ३.३ व्होल्ट दिसायला हवेत. ५ दिसले तर थांबा. काही अडॅप्टरवर ३.३ आणि ५ मधलं एक निवडायचा जम्पर (छोटी क्लिप) असतो पण त्यातल्या काहींत तो फक्त व्हीसीसी, म्हणजे पॉवर देणाऱ्या पिनचा व्होल्टेज बदलतो, टीएक्स तसाच राहतो, म्हणून जम्परवर विश्वास न ठेवता मोजाच. आकडा उणे आला तर ते जुन्या पद्धतीचं आरएस-२३२ आहे, ते बोर्डाला अजिबात लावू नका, चिप खरंच जाईल.

आता जोडणी. अडॅप्टरचा टीएक्स कन्सोलच्या आरएक्सला आणि आरएक्स टीएक्सला, म्हणजे उलटसुलट, नावाला नाव जुळवून जोडलं की दोघं एकाच वायरवर बोलतात आणि ऐकत कुणीच नाही. कोऱ्या स्क्रीनचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. व्हीसीसी जोडायचीच नाही. ग्राउंड सगळ्यात आधी जोडा आणि लॅपटॉप बॅटरीवर चालवा, चार्जरमधून येणारा बारीक लीकेज करंट सिग्नलच्या वायरीतून जायला नको. कन्सोल स्टँडबायला आला की मगच बाकीच्या दोन वायरी जोडा, कारण कन्सोल बंद असताना अडॅप्टरचा टीएक्स चिपला मागच्या दाराने पॉवर देत राहतो आणि मग ती धड सुरूही होत नाही. मागचा मेन स्विच चालू आहे ना, लाल लाईट आहे ना, तेही बघा, स्टँडबाय पॉवरशिवाय सिसकॉन उत्तर देणार नाही.

एवढं करूनही शांतताच असेल तर सोल्डरकडे संशयाने बघा. इनॅमल वायर वापरली असेल तर वरचा लेप जळला नाही की टाका बाहेरून चकचकीत दिसतो आणि आत संपर्क नसतो. कन्सोल बंद करून मल्टीमीटरने कंटिन्युइटी (जोडणी अखंड आहे का) तपासा, पण प्रोब वायरवर नाही, थेट बोर्डाच्या पॅडवर ठेवा.

प्रश्न : माझी जोडणी चालतेय पण नुसती विचित्र चिन्हं येतात, वाचता येत नाही.

उत्तर : मग वायर बहुतेक बरोबर आहे, बॉड रेट (डेटा पाठवायचा वेग) चुकलाय. सुरुवातीच्या जाड मॉडेल्सच्या बोर्डांवर, उदाहरणार्थ सीओके-००१, आधी ५७६०० लावून बघा, स्लिमवर ११५२००. डेटा ८ बिट, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १. अक्षरं नीट यायला लागली पण कमांड नाकारल्या जात असतील तर आधी ऑथेंटिकेशन (चिपला ओळख पटवणं) लागतं, ते पायथॉन स्क्रिप्टने करतात, हाताने टाइप करत बसू नका.

आणि एरर लॉग मिळाला की तो पुसायच्या आधी सगळा लिहून घ्या, प्रत्येक कोड वेळेसकट. A0 ने सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे महत्त्वाचे, १००२ असेल तर ग्राफिक्स चिपच्या म्हणजे आरएसएक्सच्या पॉवर लाइनमध्ये गडबड आहे आणि तिथले कपॅसिटर आधी तपासायला हवेत. एकच कोड पुन्हा पुन्हा येतोय की वेगवेगळे, हे पुढच्या पत्रात नक्की कळवा, त्यावरून पुढे कुठे मोजायचं ते सांगता येईल.